घड्याळ कोणाच्या हाती?

(वडाळा येथे गिरणी, गोदी व गोदामांत राबणाऱ्या आणि गावाकडून आलेल्या कुटुंबांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आम्ही जो विषय आपणांपुढे मांडणार आहो, त्याचे नाव मोठे आहे; पण गोष्ट आपल्या रोजच्या भाकरीची आहे. विषयाचे नाव ‘शास्त्रीय व्यवस्थापन’. नावाने कोणी दबून जाऊ नये. माणसाने एका दिवसात किती काम करावे, ते कोणत्या रीतीने करावे आणि त्याबद्दल त्यास काय दाम मिळावा, हे ठरविण्याचे जे शास्त्र, त्यास हे नाव आहे.

आता आपण म्हणाल, हे ठरविण्यास शास्त्र कशास हवे? एका औताने दिवसाकाठी किती रान होते, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. एक चाक भरण्यास किती दिवस लागतात, हे सुतारास कोणी सांगावे लागत नाही. भट्टी केव्हा उघडावी, हे कुंभाराच्या घरातील पोरही जाणते. आपले म्हणणे खरे आहे. हे ज्ञान आपल्याच घरात होते. ते तेथून कोणी उचलले, कोठे नेले, आणि मग आपल्याच कामावर माप म्हणून परत आणून कसे बसविले, एवढीच हकीकत आज सांगावयाची आहे.

ती वडाळ्यात सांगणे योग्यही आहे. या भागात मिठागरे होती, गोदीचा माल उतरत होता, आणि बॉम्बे डाईंगची स्प्रिंग मिल येथेच होती. आज तिचा भोंगा ऐकू येत नाही. त्या जागेवर आभाळाला भिडणाऱ्या इमारती उभ्या आहेत. कोकणातून, साताऱ्याकडून, कोल्हापूर-पुण्याकडून आलेल्या माणसांनी या मुलखात दीडशे वर्षे घाम गाळला. त्या घामाचे माप कोणी घेतले, हे त्यांच्या नातवंडांनी समजून घेतले पाहिजे.

बैलाची उपमा

या शास्त्राचा मूळ पुरुष अमेरिकेतील फ्रेडरिक विन्स्लो टेलर. जन्म 1856, मृत्यू 1915. घर खाऊनपिऊन सुखी; पण हा गृहस्थ पोलादाच्या कारखान्यात कारागिरांत उतरून काम शिकला आणि मग त्यांच्यावरचा अधिकारी झाला. त्याने पाहिले की कामाचे खरे ज्ञान कामगाराजवळ आहे आणि मालकास ते मुळीच नाही. म्हणून कामगार ठरवील तितकेच काम होते. यावर त्याने उपाय काढला. हातात घड्याळ घेऊन प्रत्येक कामाचे तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यास किती पळे लागतात ते टिपावयाचे, निरर्थक हालचाली गाळावयाच्या, आणि उरलेल्या हालचालींचा हुकूम कागदावर लिहून कामगारास द्यावयाचा. 1911 साली त्याने आपले तत्त्व पुस्तकरूपाने जगापुढे मांडले.

त्यातील एक उदाहरण सर्व जगात गाजले. बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यात लोखंडाच्या लगडी उचलून गाडीत भरण्याचे काम चाले. एक लगड सुमारे 92 पौंडांची, म्हणजे जवळजवळ 42 किलोंची. एक मजूर दिवसाला साडेबारा टन भरी. टेलरने एक माणूस निवडला. ‘उचल’ म्हटले की त्याने उचलावयाचे, ‘बस’ म्हटले की बसावयाचे, उलट बोलावयाचे नाही. तो माणूस दिवसाला साडेसत्तेचाळीस टन भरू लागला. हिशेब केला तर दिवसाच्या लगडी झाल्या 1156. दहा तासांच्या दिवसात दर अर्ध्या मिनिटाला जवळजवळ एक. आणि मजुरी? पूर्वी 1 डॉलर 15 सेंट होती, ती 1 डॉलर 85 सेंट झाली.

मंडळी, आपण बाजारात भाव करणारी माणसे आहो. हा हिशेब आपणांस लगेच समजेल. काम जवळजवळ चौपट झाले. मजुरी दीडपटीहून जरा जास्त. पूर्वी एक टन भरण्यास मालकास नऊ सेंटांहून जास्त पडत. आता चार सेंटही पडेनात. मजुराच्या पदरात चार नाणी अधिक पडली, हे नाकारता येत नाही. पण त्याच्या वाढलेल्या श्रमाचे मोठे पीक कोणाच्या खळ्यावर गेले, हेही लपत नाही. शिवाय टेलरनेच लिहून ठेवले आहे, की हा वेग आठ माणसांत एखाद्यालाच झेपतो. मग बाकीच्या सातांनी काय करावे? ते त्या कामास लायक नाहीत, त्यांनी दुसरे काम पाहावे, असे उत्तर.

आणखी एक गोष्ट त्याने लिहिली, ती आम्हांस सर्वांत जास्त लागते. लगडी उचलण्यास योग्य माणूस तो, की जो बुद्धीने इतका मंद आहे की त्यास बैलाचीच उपमा शोभावी. आणि म्हणून आपल्याच कामाचे शास्त्र त्यास कळणे शक्य नाही, ते त्यास शिकलेल्या माणसाने सांगावे, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे आहे. आता बैल म्हणजे काय हे या सभेतील किती जणांस ठाऊक आहे! आपल्या घरचा बैल थकला तर शेतकरी जू उतरवितो. बेंदूर-पोळ्यास त्याच्या खांद्यास लोणी-हळद लावतो. कारखान्याच्या या बैलाला मात्र पोळा नव्हता.

विचार एकाने करावा आणि राबावे दुसऱ्याने, ही वाटणी आपल्या मुलखास नवी आहे काय? विद्या एका घरात आणि घाम दुसऱ्या घरात, ही रीत आम्ही फार पिढ्या भोगली. जोतीराव फुले यांनी आयुष्य वेचले ते याच वाटणीविरुद्ध. पूर्वी तिला धर्माचा आधार दाखवीत. टेलरच्या कारखान्यात शास्त्राचा दाखविला. आधार बदलला, पण डोके एकाचे आणि हात दुसऱ्याचे, ही गोष्ट तशीच राहिली.

त्यातले खरे काय?

तरी न्याय सोडून बोलणे आमच्या पत्राच्या वाचकांस आवडावयाचे नाही. या शास्त्रात खोटे सारेच नाही. टेलरच्या त्याच लगडींच्या हिशेबात एक मोलाची गोष्ट निघाली. इतके वजन उचलणाऱ्या माणसाच्या दिवसाचे 100 भाग केले, तर फक्त 43 भाग त्याच्या हातात ओझे असावे, आणि 57 भाग हात रिकामे असावे; तरच शरीर टिकते. म्हणजे विसावा हा आळस नसून कामाचाच भाग आहे, हे त्याच्याच घड्याळाने सिद्ध केले. जो मुकादम घटकाभर टेकलेल्या हमालावर ओरडतो, त्यास हे ऐकवावे.

दुसरे उदाहरण गवंड्याचे. फ्रँक गिलब्रेथ नावाचा मनुष्य स्वतः गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी करून पुढे आला. त्याने पाहिले की दर विटेमागे गवंडी पाठ वाकवून जमिनीवरून वीट उचलतो. पाच पौंडांच्या विटेसाठी सारे अंग खाली-वर होते. त्याने विटा गवंड्याच्या कमरेच्या उंचीवर राहतील अशी वर-खाली सरकणारी पराची केली. एका विटेमागे 18 हालचाली होत, त्या 5 वर आल्या, आणि माणूस तासाला 120 च्या जागी 350 विटा लावू लागला. हे वाईट आहे, असे कोण म्हणेल? पाठ वाचली. आपल्या बाया जमिनीवर उकिडव्या बसून, धुरात वाकून स्वयंपाक करीत आल्या. चूल ओट्यावर गेली तेव्हा त्यांच्या कमरेस जो आराम मिळाला, तो याच जातीचा.

तेव्हा मोजमाप हा आपला वैरी नव्हे. आमचा प्रश्न एवढाच, की माप घेतो कोण, आणि वाचलेली शक्ती जाते कोणाच्या घरी? पाठ वाचविण्यासाठी घड्याळ लावले तर ते वैद्याचे काम झाले. माणूस कमी करण्यासाठीच लावले तर ते सावकाराच्या वहीसारखे झाले.

अमेरिकेच्या कामगारांनीही हा प्रश्न विचारला. 1911 च्या ऑगस्टात वॉटरटाउन येथील सरकारी तोफखान्यात ओतकाम करणाऱ्या कारागिरांवर घड्याळ लावले, तेव्हा ते काम सोडून बाहेर पडले. त्यांच्या पार्लमेंटाने चौकशी केली, टेलरची जबानी झाली, आणि 1915 साली लष्करी कारखान्यांत असे घड्याळ लावण्यावर सरकारी पैसा खर्चू नये, असा निर्बंध आला. शास्त्राच्या नावाने आलेली गोष्ट कामगार नाकारू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्या गिरणीत काय झाले

आता आपल्या मुंबईकडे वळू. येथे घड्याळाचा तंटा टेलरच्याही पूर्वीचा आहे, आणि तो प्रथम मांडणारा माणूस आपल्यातला होता. नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक, आणि स्वतः गिरणीत कोठारावर काम केलेले. त्या काळी गिरणी सूर्याबरोबर उघडे आणि सूर्याबरोबर मिटे. सुट्टीचा ठराविक वार नसे. 1884 च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या पाहा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहास काम सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावे, पगार पुढल्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, कायमचा अधू झाल्यास पोटापाण्याची सोय. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज जो रविवार सारा देश भोगतो, त्याच्यामागे या अर्जाचा मोठा वाटा आहे. घड्याळ मालकाच्या भिंतीवर असले तरी त्याचे काटे कामगारही हलवू शकतो, हे लोखंड्यांनी चाळीस वर्षे आधीच शिकविले.

चाळीस वर्षे म्हणण्याचे कारण, 1926-27 साली सरकारने नेमलेल्या टॅरिफ बोर्डाने कापड धंद्याची चौकशी केली. जपानचा माल स्वस्त, मुंबईचा महाग. तेव्हा माणशी काम वाढवा, असा सूर निघाला. टेलरचे तत्त्व येथे ‘रॅशनलायझेशन’ आणि ‘एफिशन्सी’ या नावांनी आले. मुंबईच्या साचेखात्यात एक विणकर दोन साचे सांभाळीत असे. कातणाऱ्याकडे सूतयंत्राची एक बाजू असे. 1928 च्या आरंभी ससून यांच्या गिरण्यांत हुकूम निघाला, की विणकराने तीन साचे चालवावे आणि कातणाऱ्याने दोन्ही बाजू पाहाव्या.

वरून पाहिले तर, लँकशायरचा विणकर चार साचे पाहतो, मग आपला तीन का पाहू शकणार नाही, हा प्रश्न बिनतोड दिसे. पण ज्याने साच्यासमोर उभे राहून दिवस काढला आहे, त्यास उत्तर ठाऊक होते. साच्यांची संख्या हे कामाचे माप नव्हे. कामाचे माप म्हणजे तुटणारा धागा. कापूस चांगला, सूत बळकट, हवेत योग्य दमटपणा, कांडी नीट भरलेली, तर धागा क्वचित तुटतो आणि तीन साचेही जड जात नाहीत. कापसात हलक्या मालाची भेसळ असली तर धागा पुन्हा पुन्हा तुटतो, आणि दोनच साचे माणसाचा जीव घेतात. घड्याळाने साचे मोजले. धागा मोजला नाही. आणि कापड बिघडले, तर ते बिघडलेले कापडच विणकराच्या माथी मारून त्याचे दाम मजुरीतून कापून घेण्याची चाल होती. म्हणजे खराब कापूस घेणारा वेगळा आणि दंड भरणारा वेगळा!

26 एप्रिल 1928 पासून मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, पाच महिन्यांहून जास्त काळ, बाहेर राहिले. कामाचे दोन कोटींहून अधिक दिवस बुडाले. संयुक्त संप समितीने सतरा मागण्या लिहून दिल्या, आणि अखेर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे त्यांचा विचार व्हावयाचा ठरला. संपाचे वक्ते पुष्कळ होते, त्यांची नावे पुस्तकांत आहेत. पण त्यात अर्जुन आत्माराम आळवे आणि गोविंद रामचंद्र कासले यांच्यासारखे गिरणीतच राबलेले गडी पुढारी झाले होते, हे आपण विसरू नये. आणि संप टिकला तो कोणाच्या बळावर? खानावळवाल्या बायांच्या उधारीवर, आणि गावाकडच्या भावाच्या नाचणी-जोंधळ्यावर. पुष्कळ कामगार गावी गेले आणि पावसाळ्यात शेतात उतरले. मुंबईच्या संपाचा कणगा कोकणात आणि घाटावर होता. शेतकरी व कामगार ही एकाच घराची दोन दारे आहेत, हे त्या वर्षी सर्वांस कळले.

जे मोजलेच गेले नाही

आता एक कडू गोष्ट. विणकामाच्या खात्यात मजुरी जास्त, कताईच्या खात्यात कमी. विणखात्यात अस्पृश्य मानलेल्या बांधवांस प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातील कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने कसा लावावा! ही आडकाठी मालकाने कागदावर लिहिली नव्हती. ती आपल्याच इतर जातींच्या विणकरांनी धरून ठेवली होती. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला.

बंधूंनो, याचा विचार करा. पळे मोजणारे शास्त्रज्ञ आले, त्यांनी साचे मोजले, बाजू मोजल्या, माणसे मोजली. पण चांगला हात केवळ जातीमुळे हलक्या कामावर सडतो, हा तोटा त्यांच्या वहीत चढला नाही. तोंडाने सूत ओढल्याने धूळ आणि रोग पोटात जातो, हेही चढले नाही. आणि जे कामगार तिसऱ्या साच्याविरुद्ध न्याय मागत होते, त्यांतील पुष्कळांस शेजारच्या खात्यातील भावास न्याय द्यावा असे वाटले नाही. जो समाज आपल्यातच उच्च-नीच मोजतो, त्यास दुसऱ्याचे माप अन्यायाचे आहे असे म्हणताना जोर कोठून येणार?

बायांचेही तसेच. 1920 नंतरच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांत सुमारे एक बाई होती. कांड्या भरण्याच्या आणि रिळांच्या खात्यांत त्या मुख्यतः असत. नवी यंत्रे आली, माणशी काम वाढले, तेव्हा कात्री आधी तेथे लागली. 1929 साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, तर बाई ठेवणे महाग पडते हे निमित्त मिळाले. पुढल्या काही दशकांत बायांचा आकडा उतरतच गेला. घरी आल्यावर पाणी, चूल, मूल यांत जाणारे तिचे तास तर कोणत्याच घड्याळाने मोजले नाहीत.

घड्याळ खिशात आले

कोणी म्हणेल, हा सारा इतिहास झाला. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर मुंबईची गिरणी पहिल्यासारखी उभी राहिली नाही. जमिनी विकल्या गेल्या. बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरील 3894 घरांची सोडत 1 मार्च 2020 रोजी निघाली. वाट पाहणारी कुटुंबे त्याहून कितीतरी जास्त होती. मग आता टेलरचे काय?

टेलर गेला नाही. तो भिवंडीस गेला, मालेगावास गेला, इचलकरंजीस गेला. ज्या तिसऱ्या साच्यासाठी 1928 साली मुंबई बंद पडली, तो प्रश्न यंत्रमागाच्या गावी कोणी विचारीत नाही. तेथे एकाच माणसाच्या अंगावर सहा-सहा, आठ-आठ माग असतात, पाळी बारा तासांची, आणि मजुरी मीटरवर, पिकांच्या हिशेबाने.

तो शेतातही गेला. बीडकडून ऊसतोडीस जाणारे जोडपे म्हणजे ‘एक कोयता’. नवरा-बायको दोन माणसे, पण वहीत नाव एका हत्याराचे! आधी उचल घ्यावयाची, मग टनावर फेडावयाची. वजन कारखान्याच्या काट्यावर. एक दिवस पडून राहिले तर खाडा, त्याचा दंड. पाळीच्या दिवसांत काम बुडू नये, दंड बसू नये, या धाकाने बायांनी गर्भाशय काढून घेतल्याची प्रकरणे बीड जिल्ह्यात उजेडात आली आणि 2019 साली सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. लगडी उचलणाऱ्या माणसास टेलरने शंभरांत सत्तावन्न भाग विसावा दिला होता. ऊसतोडीच्या बाईस तेवढाही नाही.

आणि तो आपल्या वडाळ्यातही आहे. पूर्वी घड्याळवाला अधिकारी साच्यामागे उभा राही. तो दिसे, त्याच्याशी भांडता येई. आज गोदामात माल उचलणाऱ्या पोराच्या हातातील यंत्रच त्याचे पळ मोजते. दुचाकीवर सामान पोचविणाऱ्या पोराच्या खिशातील फोन त्यास रस्ता सांगतो, मिनिटे सांगतो, तारे देतो, आणि एके सकाळी न विचारता दर बदलतो. ‘उचल’ आणि ‘बस’ म्हणणारा आवाज आता माणसाचा राहिला नाही, एवढाच फरक. पावसात पाणी तुंबले, रेल्वेचे फाटक पडले, इमारतीची लिफ्ट बंद पडली, हे ते यंत्र धरते की नाही, हे त्या पोरास कोणी सांगत नाही. पुन्हा तीच गोष्ट: साचे मोजले, धागा मोजला नाही.

कायदा हळूहळू जागा होत आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांस प्रथमच नाव मिळाले. राजस्थानने 2023 साली त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला, कर्नाटकाने 2025 साली. पण कायदा हे पेरलेले बी आहे. राखण केली नाही तर पाखरेच खातात.

मग करावे काय?

रडगाणे गाण्यास आम्ही येथे आलो नाही. चार सांगण्यासारख्या गोष्टी आहेत, त्या घरी न्या.

पहिली गोष्ट: कामाची नवी रीत आली की लगेच नाही म्हणू नका, आणि लगेच मान डोलावू नका. पाच प्रश्न विचारा. माप कोणी घेतले? ते तगड्या गड्यावर घेतले, की पन्नाशीच्या बाईवर, की साऱ्यांचे मिळून? माल, हत्यार, रस्ता, हवा यांची खोट त्यात धरली काय? वाढलेल्या कामातून आलेल्या पैशातला आमचा वाटा किती? आणि ज्याचे काम गेले त्यास कोठे बसविणार? या पाचांची उत्तरे कागदावर मिळाली तर ते शास्त्र. न मिळाली तर नुसती दमदाटी.

दुसरी गोष्ट: आपले माप आपण ठेवा. मालकाजवळ वही आहे म्हणून त्याचे खरे ठरते. ऊसतोड करणाऱ्याने खेपा लिहाव्या, माग चालविणाऱ्याने तुटलेले धागे लिहावे, दुचाकीवाल्या पोराने तास, मैल आणि तेलाचा खर्च लिहावा. एकट्याची वही हसण्यावारी नेता येते. पन्नास जणांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर तो पुरावा होतो. लोखंड्यांच्या अर्जास जोर आला तो साडेपाच हजार सह्यांमुळे.

तिसरी गोष्ट: विद्या. कामाचे ज्ञान आपल्या हातात आहे, पण ते आकड्यांत मांडता येत नाही म्हणून दुसरा येऊन मांडतो आणि मालक होतो. मुलांस, आणि मुलींस तितक्याच हौसेने, गणित शिकवा. ज्या घरात त्रैराशिक येते, त्या घरास काम चौपट आणि दाम दीडपट ही गोष्ट लपवून विकता येत नाही.

चौथी गोष्ट अहमदाबादेची, ती आशेची आहे. 1953 साली तेथील कॅलिको मिलमध्ये आपोआप चालणारे नवे माग बसविले होते. पळे मोजून प्रत्येकास एकेक तुकड्याचे काम दिले होते, तरी उत्पन्न वाढेना आणि कापड बिघडे. ए. के. राइस नावाचे इंग्रज संशोधक आले. त्यांच्या सूचनेवरून, काही मागांची जबाबदारी कामगारांच्या एकेका टोळीने मिळून घ्यावी असे ठरताच, कामगारांनी आपसांत बोलून आपल्या टोळ्या आपणच पाडल्या. उत्पन्न वाढले, बिघाड घटला. यंत्र तेच, माणसे तीच. फरक एवढाच, की हातांबरोबर त्यांचे डोकेही कामावर घेतले. आपल्या इरजिकीत, सावडीत हेच होत आले आहे. कोणी कोठे उभे राहावे हे ठरविण्यास तेथे वरचा अधिकारी लागत नाही. ज्याला जे जमते ते तो धरतो, आणि म्हाताऱ्याकडे म्हाताऱ्यास झेपेल तेवढेच येते.

तेव्हा घड्याळ फोडू नका. ते आपल्याही मनगटावर बांधा, आणि ते वाचावयास शिका. मालकाने आमचा वेळ मोजला, तसे आम्ही त्याचा नफा मोजू, आमचा थकवा मोजू, आमच्या बायांचे न मोजलेले तास मोजू. मापाच्या काट्यावर दोन्ही पारडी दिसली पाहिजेत. एकच पारडे दाखवून तोलणाऱ्यास आपल्या बाजारात आपण काय म्हणतो, ते येथे सांगण्याची गरज नाही.